बसल्या जागी बी.ई.? हप्ता भरण्याआधी वाचा



कॅम्पच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक जाहिरात फिरतेय. डिप्लोमा आहे ना? साइट सोडू नका, एका वर्षात बी.ई. सिव्हिल घ्या, परीक्षेचं आम्ही बघतो. खाली एजंटचा नंबर. आपल्यातले काही जण पहिला हप्ता भरायच्या तयारीत आहेत, म्हणून स्पष्टच लिहितो. ही डिग्री नाही, नुसता कागद आहे, आणि तो तुम्हाला फार महागात पडेल.

नियम बघा. घरबसल्या, दूरशिक्षणाने इंजिनिअरिंगची डिग्री द्यायला एआयसीटीई परवानगी देत नाही. चार अभिमत विद्यापीठांनी अशा डिग्र्या वाटल्या होत्या. 3 नोव्हेंबर 2017 ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि 2005 नंतर प्रवेश घेतलेल्यांच्या डिग्र्या रद्द झाल्या. त्या पोरांनी फी भरली होती, तरी डिग्री हाताला लागली नाही. कुणी एएमआयई सुचवेल. पण 31 मे 2013 पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच सरकार ती डिग्रीच्या बरोबरीची मानतं.

आता इकडचं. सौदीत इकाम्यावर 'इंजिनिअर' लागायला सौदी काउन्सिल ऑफ इंजिनिअर्सची नोंदणी लागते आणि कागदाची पडताळणी होते. कुवेतने 2018 मध्ये एनबीए मान्यतेची अट घातली, तेव्हा चार वर्षं कॉलेजात बसून खरी डिग्री घेतलेलेही अडकले. मग विकतच्या कागदाचं काय होणार? बनावट निघाला तर नोकरी जातेच, वर पोलीस केस होऊ शकते.

तुम्ही म्हणाल, "साहेब, काम तर आम्हीच करतो. नवा इंजिनिअर येतो, त्याला बार बेंडिंग शेड्यूल आम्ही समजावतो आणि पगार त्याला जास्त." खरं आहे. मीही डिप्लोमावालाच आहे, हा राग मला माहीत आहे. पण याच रागावर एजंट पोट भरतोय.

आणि एक कडू गोष्ट ऐका. डिग्रीत शिकण्यासारखं काहीच नसतं, हे खोटं आहे. बीमच्या टोकाला रिंगा जवळजवळ बांधायच्या, मध्ये लांब, हे आपल्याला पाठ आहे. बाल्कनीची मुख्य सळई वरच्या बाजूला हवी, कारण ताण वर येतो, हेही माहीत आहे. पण ती किती जाडीची, किती अंतरावर, आत किती लांब न्यायची, हे आकडे मांडून सिद्ध करता येतं का? ड्रॉइंग चुकलं तर "थांबा, ओतू नका" असं सही करून सांगता येतं का? त्यासाठी स्ट्रक्चर, माती, पाणी, सर्व्हे, सगळं शिकावं लागतं. स्लॅबखाली शेवटी आपलीच माणसं उभी असतात. तिथे विकतची सही चालणार नाही.

मग सरळ रस्ता कुठला? महाराष्ट्रात डिप्लोमावाल्याला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे तीन वर्षं. पण ती तीन वर्षं घरी पैसे कोण पाठवणार? एआयसीटीईने 2023-24 पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेचे वर्ग सुरू करायला परवानगी दिली. चांगलं केलं. पण दम्माममधून नाशिकच्या संध्याकाळच्या वर्गाला कसं जाणार?

खरं भांडण इथे आहे. आपल्या पैशावर गावाकडची घरं उभी राहतात, मग आपल्या शिक्षणासाठी एकही कायदेशीर दार का नाही? थिअरी ऑनलाइन घ्या. लॅब, सर्व्हे कॅम्प आणि परीक्षा आमच्या सुट्टीच्या महिन्यांत, मान्यताप्राप्त कॉलेजात, समोर बसवून घ्या. सवलत नको, कठीण पेपर काढा. फक्त बसू द्या. सरकार दार बंद ठेवतं, म्हणून एजंटची खिडकी उघडी राहते.

तोवर तीन गोष्टी करा. कॉलेजचं नाव एआयसीटीईच्या यादीत स्वतः तपासल्याशिवाय एक रियालही देऊ नका. अनुभव पत्रात 'हेल्पर' नाही, जे काम खरंच करता तेच लिहून घ्या. आणि ही मागणी आपल्या आमदार-खासदाराला लेखी पाठवा. एकट्याचं पत्र टोपलीत जाईल, पण अख्ख्या कॅम्पच्या सह्या असतील तर उत्तर द्यावंच लागेल.