लाडोबा कोण?

आमच्या सोसायटीच्या बाकावर रोज संध्याकाळी आम्हां निवृत्तांची संसद भरते आणि 'हल्लीची मुलं फार शेफारलीत' हा ठराव रोज एकमतानं मंजूर होतो. परवा मी म्हटलं, "माझा विरोध लिहून घ्या!" मधुमेह्यांच्या पंगतीत कुणी जिलबी मागावी, तसं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अहो, 'श्यामची आई' वाचा!" एक माजी हेडमास्तर कडाडले. "पोहायला जात नाही म्हणून त्या माउलीनं पोराला शिंपटीनं फोडून काढलं!"

वाचलंय की! साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं ते पुस्तक आम्ही फक्त शिंपटीपुरतं वाचतो. (आणि शाळेतली छडी तर २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानंच बंद केलीय.) पण अंघोळीनंतर श्यामच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून त्याच आईनं आपले ओचे धोंड्यावर पसरले, त्याचं काय? आज एखाद्या सुनेनं असं केलं, तर बाकावर तातडीची सभा भरेल! आणि आजारी पडल्यावर वडाच्या प्रदक्षिणा घालायला तिनं पाठवलं कुणाला? लाजणाऱ्या श्यामलाच. लाड केले, कामातून सूट दिली नाही.

माझं म्हणणं एवढंच : मूल लाडानं बिघडत नाही, सुटीनं बिघडतं.

आम्हांला कसले आलेत लाड! वर्षाला एक सदरा, तोही वाढत्या अंगाचा. मार मात्र मुबलक. पण जेवून उठलो की ताट जागच्या जागी. ते उचलायला ताई होती, माझ्याहून अवघी दोन वर्षांनी मोठी. मला कुणी कधी 'लाडावलेला' म्हटलं नाही. पुढे ताटाचं खातं बायकोच्या नावे वर्ग झालं, इतकंच.

गेल्या महिन्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी मला, वय वर्षं सदुसष्ट, चहाचा डबा सापडेना. इस्पितळात फोन लावला. "दुसरी फळी, डावीकडे," ती गुंगीतच म्हणाली. स्वतःचं कसं आहे, हे तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं.

डबा काढून दिला तो आमच्या आठ वर्षांच्या नातवानं. बाकाच्या दप्तरी ज्याची नोंद 'लाडोबा' अशी आहे, त्यानं. "आजोबा, गॅस मला लावू देत नाहीत. तो तुम्ही लावा."

म्हणून मी दुरुस्ती सुचवली : ठरावातले 'हल्लीची मुलं' हे शब्द गाळून तिथं 'आम्ही' घालावं. पण मतदान राहून गेलं. चहाची वेळ झाली होती. सभासद आपापल्या घरी चहा मागायला गेले.