मोत्याच्या डोक्यात काय आहे?

कुत्र्याचा एमआरआय असे शब्द नुसते उच्चारले, तरी आमच्या यवतमाळात चहाच्या टपरीवर हशा पिकतो. “माणसाचा नंबर लागत नाही, अन् कुत्र्याचा कुठून लागायचा?” असे एखादे काका म्हणतात, आणि त्यांचे अगदीच चुकते असे नाही. पण जनावरांचा डॉक्टर म्हणून या जिल्ह्यात वावरताना मी पाहतो आहे, की कुत्री-मांजरे अंगणातून माजघरात आली आणि माजघरातून मुलांच्या अंथरुणात शिरली. मग एखाद्या पहाटे मोत्याला फेफरे येते, घरातल्या वहिनी घाबऱ्याघुबऱ्या फोन करतात आणि दुसऱ्याच वाक्यात विचारतात, “डॉक्टरसाहेब, याचा एमआरआय करावा लागेल का हो?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. यंदा त्याचेच उत्तर देतो.

आधी यंत्राची ओळख. यात क्ष-किरण नसतात. असतो तो एक प्रचंड चुंबक. दीड टेस्लाच्या यंत्राचा जोर पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या ३०,००० पटींहून अधिक! शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. त्याच्या अणुगर्भांना या चुंबकात रेडिओलहरींनी डिवचले, की पूर्वस्थितीला येताना ते बारीकसा संदेश सोडतात आणि संगणक त्यातून चित्र रेखाटतो. सूज असेल तेथे पाणी अधिक, म्हणून तो भाग चित्रात निराळा उमटतो. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली या पद्धतीचे चित्र प्रसिद्ध केले; त्यांना व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता अडचण पाहा. माणसाला “हलू नका” म्हटले की तो निपचित पडतो. मोत्याला कोण सांगणार? यंत्राची धडधड ऐकून तो पट्टा तोडून पळेल. म्हणून त्याला पूर्ण भूल द्यावी लागते, ती बहुधा पाऊण ते एक तास. म्हाताऱ्या जनावराच्या बाबतीत ही भूलच विचार करायला लावते.

त्या बदल्यात मिळते काय? मेंदूतली गाठ, सूज, साचलेले पाणी, रक्तपुरवठा तुटलेला भाग हे सारे कवटी न उघडता दिसते. मेंदूच्या आवरणाची गाठ कुत्र्या-मांजरांत बरीच आढळते. मांजरात ती पुष्कळदा शस्त्रक्रियेने काढता येते आणि मनी पुढे चांगली जगते. पग जातीच्या कुत्र्यांत मेंदूला विशिष्ट सूज येते, तिचाही माग लागतो. मात्र गाठ आणि सूज कधीकधी चित्रात सारखीच दिसतात. मग पाठीच्या कण्यातले पाणी तपासावे लागते. चित्र म्हणजे निकाल नव्हे, साक्षीदार आहे.

आणि काही ठिकाणी हा साक्षीदार गप्पच बसतो. सहा महिने ते सहा वर्षे या वयात पहिला झटका आला आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात कुत्रा अगदी ठणठणीत असला, तर ते बहुधा जन्मजात प्रवृत्तीचे फेफरे असते. त्यात चित्र स्वच्छ येते, आणि उपचार गोळ्यांनीच होतो. रक्तातली साखर उतरली, यकृत बिघडले, तरी झटके येतात. ते रक्ताच्या तपासणीत कळते.

आपल्या कापसाच्या मुलखात आणखी एक कारण आहे, ते म्हणजे फवारणीचे औषध. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, हे कोण विसरेल? तेच विष कुत्र्याच्या पोटात जाते. दारव्ह्याकडच्या एका घरचा कुत्रा असाच माझ्याकडे आणला होता. तोंडाला फेस, अंगाला थरकाप, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. धाकटा मुलगा म्हणत होता, “नागपूरला नेऊ, फोटो काढू.” मी थोरल्याला विचारले, “पंप कुठे धुतला?” त्याने मान खाली घातली. अ‍ॅट्रोपिनची सुई लगेच दिली, म्हणून कुत्रा वाचला. नागपूरच्या वाटेवर तो राहिला नसता.

सर्वांत आधी विचार करायचा तो पिसाळण्याचा. लस न टोचलेला कुत्रा एकाएकी बदलला, लाळ गाळू लागला, गिळेनासा झाला, तर कसला एमआरआय? त्याच्या तोंडात हात घालू नका, मुलांना दूर ठेवा. चावला किंवा ओरखडला असेल, तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मग एमआरआय केव्हा? पहिला झटका सहा महिन्यांच्या आत किंवा सहा वर्षांनंतर आला, जनावर एकाच बाजूला गोल फिरू लागले, मान कलली, एका डोळ्याने दिसेनासे झाले, ओळखीच्या माणसावर गुरगुरू लागले, किंवा गोळ्यांनी झटके थांबेनात, तर मेंदूत काहीतरी आहे असे धरावे. आधी जवळच्या डॉक्टरांकडून मज्जासंस्थेची नीट तपासणी करून घ्यावी. आपल्याला दीडशे किलोमीटरांवर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते १९५८ पासून चालू आहे. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टच्या पुढाकाराने २०२४ साली लहान प्राण्यांचे पाच मजली रुग्णालय उघडले, तेव्हा तेथील सोयींत एमआरआयही सांगितला गेला. साडेसहाशे किलोमीटरांहून अधिक प्रवास आहे, तेव्हा आधी फोन करून विचारावे.

निघण्यापूर्वी घरच्यांनी एकत्र बसून एक प्रश्न स्वतःला विचारावा: गाठ दिसली, तर पुढे आपण काय करणार? शस्त्रक्रियेची, निदान औषधांची तयारी असेल, तर जरूर जावे. तेरा वर्षांच्या मोत्याला सुखाने निरोप द्यायचे आधीच ठरले असेल, तर त्या चित्रासाठी त्याला भूल देऊ नये. यात कंजूषपणा नाही आणि प्रेमाची उणीवही नाही.

तोवर एक वही ठेवा. तारीख, वेळ, झटका किती मिनिटे टिकला, आधी काय खाल्ले, एवढे लिहा. मोबाइलवर चित्रफीत घ्या. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांवर झटका लांबला, किंवा एका दिवसात दुसरा आला, तर वही मिटा आणि डॉक्टरांकडे धावा. वहीचे ते पान महागड्या यंत्राइतकेच मोलाचे असते, आणि ते लिहायला मुंबईला जावे लागत नाही.