शिंकांचा हिशेब

ज्या रोगाने माणूस दगावत नाही, त्या रोगाची नोंद ना शासनदरबारी होते, ना समाजात. ॲलर्जीच्या सर्दीचे नेमके हेच झाले आहे. सकाळी उठताच लागोपाठ शिंका, वाहणारे नाक, चुरचुरणारे डोळे. आणि घरच्यांचा सल्ला एकच, थंड पाणी पिऊ नकोस! परंतु क्षुल्लक मानलेल्या या दुखण्याची किंमत क्षुल्लक नाही. इंग्लंडमधील शालेय परीक्षार्थींची एक पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. सराव परीक्षेच्या तुलनेत अंतिम परीक्षेत श्रेणी घसरण्याची शक्यता या सर्दीने बेजार झालेल्या मुलांत सुमारे ४० टक्क्यांनी, तर गुंगी आणणारे औषध घेतलेल्यांत सुमारे ७० टक्क्यांनी अधिक आढळली. म्हणजे रोगाचा दंड आहेच, शिवाय स्वस्त उपायाचाही आहे.

या रोगाचे मर्म आज पुरेसे उलगडले आहे. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी 'आयजी-ई' हे प्रतिपिंड शोधून काढले. परागकण किंवा धुळीतील सूक्ष्म किडे यांसारख्या निरुपद्रवी वस्तूंना शरीर शत्रू समजते. हे प्रतिपिंड नाकातील मास्ट पेशींवर दबा धरून बसतात आणि तोच कण पुन्हा येताच काही मिनिटांत हिस्टामिन बाहेर पडते. नेहमीची गोळी या हिस्टामिनला अडवते, नाकातील स्टेरॉइडचा फवारा दाह शमवतो. अनेकांना एवढे पुरतेही. परंतु मूळ गैरसमज तसाच राहतो.

तो दूर करण्याचा मार्ग लेनर्ड नून यांनी १९११ मध्येच लंडनमध्ये दाखविला होता. परागांत विष असते, ही त्यांची कल्पना चुकीची ठरली. पण परागांचा अर्क वाढत्या मात्रेने टोचण्याची त्यांची पद्धत टिकली. तीन-चार वर्षे असे उपचार घेतल्यास ते थांबविल्यावरही निदान तीन वर्षे गुण टिकतो, असे १९९९ च्या संशोधनात दिसले. उलट, दोनच वर्षांत उपचार आटोपल्यास वर्षभराने लाभ उरत नाही, हे २०१७ च्या चाचणीने दाखवून दिले.

अर्थशास्त्राच्या भाषेत, गोळी हा चालू खर्च आहे आणि ही लस भांडवली गुंतवणूक आहे. भांडवल अर्धवट गुंतविले तर ते बुडते. हातावर पोट असणाऱ्याला तीन वर्षांचा खर्च एकरकमी दिसतो आणि गोळीचा रोजचा खर्च दिसत नाही. म्हणून तो गोळीच घेतो. यात त्याचा अविचार नाही, त्याची विवंचना आहे. शिवाय टोचल्यावर क्वचित गंभीर प्रतिक्रिया उद्भवते, तेव्हा रोग्याला अर्धा तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावे लागते. हे काम सार्वजनिक रुग्णालयाचेच आहे.

आणखी एक गोष्ट विसरता येणार नाही. पुण्यात १९५६ च्या सुमारास नोंदले गेलेले गाजरगवत आज देशभर पसरले आहे आणि त्याचे परागही या सर्दीला कारण होतात. विलायती गवताच्या अर्काने या रोग्याचे भागणार नाही. इथल्या हवेतील परागांची नियमित मोजणी, प्रमाणित देशी अर्क आणि जिल्हा रुग्णालयात त्वचाचाचणीची सोय, या तीन गोष्टी अवाढव्य खर्चाच्या नाहीत. मृत्यूंच्या आकड्यांवरच आरोग्याचे अंदाजपत्रक बेतायचे असेल, तर जगणाऱ्यांचे हाल त्यात कधीच दिसणार नाहीत.