विश्लेषण : वजन घटवणारी ॲप्स रात्रपाळीत नापास का होतात?

पिंपरी, भोसरी, चाकणमधील अनेक कारखाने तीन पाळ्यांत चालतात. वजन कमी करण्यासाठीची बहुतेक ॲप्स मात्र सकाळी नाश्ता, दुपारी जेवण आणि मध्यरात्री बाराला संपणारा दिवस गृहीत धरतात. त्यामुळे पाळीत काम करणाऱ्या लठ्ठ व्यक्तीला ती निरुपयोगी वाटू लागतात.

नेमके कुठे चुकते?

रात्री दहाला जेवून कामगार कंपनीच्या बसमध्ये बसतो. कॅन्टीनमध्ये दोन वाजता खाल्लेले दुसऱ्या तारखेला जमा होते. दुपारी तो झोपेत असताना ‘जेवण नोंदवा’ असा संदेश वाजतो. अनेक शॉपफ्लोअरवर मोबाइल नेता येत नाही. तो लॉकरमध्ये राहतो आणि आठ तासांच्या कामाची पावले शून्य दिसतात. मग स्क्रीनवर लाल रेघ येते. आधीच टोमणे ऐकणारा माणूस दोष स्वतःला देतो आणि ॲप काढून टाकतो.

लठ्ठपणा कोणत्या आकड्यावर ठरतो?

वजन (किलो) भागिले उंचीचा (मीटर) वर्ग म्हणजे बीएमआय. १७० सेंमी उंची आणि ७५ किलो वजन असेल, तर तो सुमारे २६ येतो. जागतिक निकषानुसार हे फक्त जादा वजन, कारण तिथे लठ्ठपणा ३० पासून धरतात. भारतीयांसाठीच्या निकषात २५ पासूनच लठ्ठपणा मानला जातो. कंबरेचा घेरही महत्त्वाचा : मर्यादा पुरुषांसाठी ९०, स्त्रियांसाठी ८० सेंमी. केवळ बीएमआयवर निदान करू नये, असे ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगानेही जानेवारी २०२५ मध्ये सुचवले.

रचना कशी बदलता येईल?

दिवस तारखेने न मोजता झोपेतून उठल्यापासून मोजावा. पाळीचे वेळापत्रक आधीच विचारावे. ग्रॅमऐवजी चपाती, वाटी, वडापाव अशी मापे द्यावीत. रोजच्या लक्ष्याऐवजी आठवड्याची सरासरी दाखवावी. यातले काहीही तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

तरीही ॲपला मर्यादा आहेत. रात्री शरीराची साखर हाताळण्याची क्षमता कमी असते. शिवाय कॅन्टीनमध्ये दोन वाजता तळलेलेच मिळत असेल, तर सूचना देऊन उपयोग काय?

माहिती कोणाकडे जाते?

कंपनीने दिलेल्या ॲपमध्ये वजन, झोप, साखर यांची नोंद होत असेल, तर ती मनुष्यबळ विभागाला दिसते का, हा प्रश्न गंभीर आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये संमती घेण्याची आणि ती मागे घेण्याची तरतूद आहे. पण कंत्राटावरच्या कामगाराला ‘नाही’ म्हणणे सोपे नसते.

वापरकर्त्याने काय पाहावे?

ॲप पाळी विचारते का, भारतीय निकष वापरते का आणि माहिती कोणाला देते, हे आधी तपासावे. मधुमेहाची औषधे सुरू असतील, तर ॲपच्या सांगण्यावरून जेवण कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.