जुन्या मालमोटारीला वारसा कोण म्हणणार?

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील देहूरोडची ओळख साधारणपणे तीन गोष्टींनी सांगितली जाते. एक म्हणजे लष्कराची छावणी आणि तिथली मोठी आगारे, दुसरी तुकोबांच्या देहूकडे वळणारी वाट आणि तिसरी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हस्ते २५ डिसेंबर १९५४ रोजी जिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली ते स्थान. या गावाची चौथी ओळख मात्र फारशी कुणी नोंदवलेली नाही. ती आहे मालमोटारींची. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण होईपर्यंत बोरघाट चढून आलेला बहुतेक माल देहूरोडवरूनच पुण्याकडे जात असे. आजही या गावापासून निघाले की निगडीचे ट्रान्सपोर्टनगर, पिंपरीचा ट्रकचा कारखाना, दापोडीची एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आणि खडकीची लष्करी दुरुस्ती कार्यशाळा ओळीने भेटतात. जड वाहन तयार करणे, त्याला बॉडी बांधणे, ते वर्षानुवर्षे दुरुस्त करत राहणे आणि अखेर मोडीत काढणे, ही सारी साखळी सुमारे वीस किलोमीटरच्या या पट्ट्यात सामावलेली आहे.

असे असूनही या पट्ट्यात एखादी पन्नास वर्षांपूर्वीची मालमोटार मूळ रूपात चालती पाहायची म्हटले, तर ती कुठे दाखवायची, असा प्रश्न पडतो. जुन्या मोटारी आणि मोटारसायकली जपणारे छंदिष्ट आपल्याकडे कमी नाहीत. त्यांचे मेळावे भरतात, फेऱ्या निघतात, वृत्तपत्रांत छायाचित्रे छापून येतात. लष्कराच्या लिलावातून सुटलेली जोंगा किंवा शक्तिमान हौसेने उभी करणारी माणसेही आहेत. पण जड वाहनाच्या बाबतीत ही हौस थोड्याच काळात एका भिंतीवर जाऊन आदळते. ती भिंत पैशाची वा सुट्या भागांची असतेच, परंतु त्याहून अधिक ती कायद्याची आहे.

मोटारीला जागा, मालमोटारीला नाही

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'व्हिंटेज' वाहनांना प्रथमच स्वतंत्र दर्जा दिला. पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात जपलेले आणि ज्याच्या सांगाड्यात, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नाही असे वाहन या नियमात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, नोंदणीची मुदत दहा वर्षे, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. असे वाहन रोजच्या वा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, संशोधन, इंधन भरणे वा दुरुस्ती अशा मर्यादित कारणांसाठीच ते बाहेर काढता येते. नियम समंजस आहे आणि त्याचे स्वागतही झाले.

पण हा नियम दुचाकी आणि खासगी, बिगरव्यापारी वापराच्या चारचाकीपुरता आहे. मालवाहू वाहनांचा 'एन' हा जो वर्ग नियमांत आहे, त्याला इथे प्रवेश नाही. म्हणजे १९६० च्या दशकातील एखाद्या उद्योगपतीची मोटार हा राष्ट्राचा वारसा ठरू शकते. परंतु त्याच उद्योगपतीच्या कारखान्याचा माल ज्या ट्रकने वाहिला, तो ट्रक कायद्याच्या दृष्टीने केवळ कालबाह्य मालवाहू वाहन राहतो. त्याने एक किलोही माल उचलला नाही तरी त्याच्याकडून व्यापारी वाहनाच्याच अटींची पूर्तता अपेक्षित असते. आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र, विमा, कर हे सारे आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या जड मालवाहू वाहनाच्या योग्यता तपासणीचे शुल्क तर २५ हजार रुपये करण्यात आले. धंदा करणाऱ्या वाहनाला हा भार एक वेळ पेलेल. वर्षातून दोनदा एखाद्या मेळाव्याला नेल्या जाणाऱ्या वाहनाला तो कसा पेलावा?

दुसऱ्या बाजूने वाहन मोडीत काढण्याचे धोरण पुढे सरकत आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या या धोरणाचा हेतू योग्यच आहे. धूर ओकणारी, ब्रेक नीट न लागणारी, क्षमतेबाहेर लादलेली जुनी वाहने रस्त्यावरून जायलाच हवीत. मालकाला वाहन जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर नव्या वाहनाच्या करात सवलतही. २०२५ मध्ये टाटा मोटर्सचे वाहने मोडीत काढण्याचे केंद्र पुण्यातही सुरू झाले. मात्र सरकारी वाहनांच्या बाबतीत नियम अधिक कठोर आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची, त्यात महामंडळांच्या बसही आल्या, नोंदणी रद्द होते आणि त्यांची विल्हेवाट नोंदणीकृत केंद्रामार्फतच लावावी लागते. देशाच्या संरक्षणासाठी व कायदा-सुव्यवस्थेसाठी प्रत्यक्ष वापरात असलेल्या विशेष वाहनांना त्यातून वगळले आहे. इतिहासासाठी राखून ठेवायच्या वाहनाला तशी वगळणूक नाही. पालिकेचा जुना अग्निशमन बंब, बांधकाम खात्याचा ट्रक किंवा एसटीची जुनी गाडी पुढच्या पिढीसाठी ठेवावी असे एखाद्या अधिकाऱ्याला मनापासून वाटले, तरी त्याच्या हाती सरळ मार्ग नाही.

दुरुस्ती हाच इतिहास

मालमोटारींना त्या नियमात घ्यावे एवढी मागणी करून प्रश्न सुटेल का? तसे नाही, कारण अडचण 'मूळ रूप' या शब्दांतच आहे.

टाटांच्या टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवण्यास सुरुवात केली. पंधरा वर्षांनी, १९६९ मध्ये तो करार संपला आणि ट्रकच्या नाकावरचा तीन टोकांचा तारा जाऊन तिथे टाटांचे 'टी' हे अक्षर आले. दरम्यान १९६६ मध्ये सुमंत मूळगावकर यांच्या पुढाकाराने पुण्यात टेल्कोचा दुसरा कारखाना उभा राहू लागला. आधी यंत्रसामग्री, अवजारे व साचे आणि प्रशिक्षण यांचा पाया घालून मग वाहने, हा त्यांचा क्रम होता. पुण्यात तयार झालेले पहिले व्यावसायिक वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. पिंपरी-चिंचवड आणि पुढे चाकण या साऱ्या उद्योगविश्वाला जे कुशल हात मिळाले, त्यांतले अनेक इथे घडले.

परंतु कारखान्यातून बाहेर पडत असे ती बहुधा चासी. पुढचे नाक, इंजिन, चाके आणि स्टिअरिंग एवढ्यावर चालक उघड्यावर बसून ती शेकडो मैल नेत असे. केबिन आणि माल ठेवण्याची बॉडी बांधत ते गावोगावचे सुतार, लोहार आणि रंगारी. लाकडी केबिन, मालकाच्या देवाचे नाव, मागच्या फळीवरची अक्षरे हे सारे प्रत्येक गावचे वेगळे. पुढे त्याच गाडीचे इंजिन बोअर करून पुन्हा बसवले जाई, कधी संपूर्ण बदलले जाई. पाटे वाढवले जात, बॉडी दर काही वर्षांनी नवी होई. मग यातले मूळ रूप कोणते म्हणायचे?

मोटारीचे मोल ती किती कमी हाताळली गेली यावर ठरते. मालमोटारीचा इतिहास तिच्या दुरुस्त्यांत असतो. नियम लिहिणाऱ्यांनी हा भेद लक्षात घेतला नाही, तर उद्या मालमोटारींना जागा दिली तरी त्या जागेवर बसण्यास एकही गाडी पात्र ठरणार नाही. सांगाडा अस्सल असावा, इंजिन त्याच घराण्याचे वा त्याच काळातले असावे आणि बॉडी त्या काळच्या पद्धतीने व साहित्याने बांधलेली असावी, अशी व्याख्या मालमोटारीला अधिक न्याय देईल.

लष्करी वाहनांची गोष्ट याहून निराळी आहे. जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेली शक्तिमान १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९६ पर्यंत सैन्याच्या ताफ्याचा कणा होती. पुढे तिची जागा स्टॅलियन आणि टाटांच्या एलपीटीए ७१३ ने घेतली. तिचे रूप ठरलेले, बॉडी ठरलेली, अगदी रंगही ठरलेला. त्यामुळे ती मूळ रूपात उभी करणे तुलनेने सोपे. देहूरोड-खडकीच्या परिसरात या गाड्या चालवलेले आणि उघडून पुन्हा जोडलेले निवृत्त जवान व कामगार आजही राहतात. त्यांच्याजवळचे ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत पूर्णपणे उतरलेले नाही.

एकट्याचे काम नव्हे

जुनी मोटार एकट्याने घराच्या गॅरेजमध्ये दुरुस्त करता येते. ट्रक तसा होत नाही. त्याला जागाच मोठी लागते आणि गिअरबॉक्स खाली उतरवायची तर चेनपुली आणि चार जाणते हात लागतात. किंगपिन आणि बुश बदलणारा एक, डिझेल पंप आणि नोझल लावणारा दुसरा, क्रँक घासून देणारा लेथवाला तिसरा, पाटे ताणणारा चौथा, लाकडी केबिन बांधणारा पाचवा. सुटा भाग बाजारात मिळाला नाही तर तो घडवून घ्यावा लागतो आणि त्यासाठी ओतकामाचा कारखाना माहितीतला असावा लागतो. म्हणून जड वाहनाचा छंद हा स्वभावतःच चारचौघांनी मिळून करायचा आहे.

या दृष्टीने पाहता देशात या कामाला देहूरोड-निगडी-भोसरीच्या पट्ट्याइतकी अनुकूल ठिकाणे थोडीच असतील. इथे दोन गल्ल्यांच्या अंतरात लेथ, ओतकाम, रंगकाम आणि मिस्त्री सापडतात. मात्र ही परिस्थिती बदलत आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानक लागू झाल्यावर नव्या ट्रकची दुरुस्ती संगणक जोडून करावी लागते. केबिन कारखान्यातूनच तयार येते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. चालकाच्या दृष्टीने ही प्रगतीच आहे आणि जुन्या तापलेल्या केबिनचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु कानाने इंजिन ओळखणाऱ्या मिस्त्रीला शिष्य मिळेनासा झाला आहे, हेही तितकेच खरे. सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर व्यास यांवरून '६९७' हे नाव मिळालेले टाटांचे इंजिन ज्यांनी आयुष्यभर उघडले, ती पिढी आता साठी-सत्तरीत आहे. जुनी गाडी उभी करण्याचे काम त्यांच्या देखरेखीखाली झाले तर गाडीबरोबर विद्याही वाचेल. ते निघून गेल्यावर हाती उरेल तो रंगवलेला सांगाडा.

आक्षेप आणि मार्ग

या सवलतीचा गैरवापर होईल हा आक्षेप पहिल्यांदा पुढे येईल आणि तो खोटा नाही. व्हिंटेजची पाटी लावून रात्री वाळू वाहणारे ट्रक दिसू लागले तर सगळ्या हौसेवर पाणी पडेल. दुसरा आक्षेप धुराचा आणि तिसरा सुरक्षिततेचा. पंधरा टनांच्या आसपास क्षमता असलेल्या वाहनाचा ब्रेक निकामी होणे ही मोटारीच्या बिघाडासारखी लहान बाब नव्हे.

यांवर उपाय आहेत. या वर्गातील वाहनाला माल वाहण्याचा परवानाच देऊ नये. ते कायम रिकामे चालावे. प्रत्येक फेरीची आगाऊ सूचना परिवहन कार्यालयाला द्यावी आणि वर्षाकाठी किलोमीटरची मर्यादा असावी. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर यांच्या तपासणीत कसलीही सूट नसावी. धुराच्या बाबतीत मात्र ते ज्या काळात बनले त्या काळाचा निकष लावावा. मूठभर रिकाम्या गाड्या वर्षातून काही तास चालल्याने शहराची हवा बिघडणार नाही. ती बिघडते रोज धावणाऱ्या हजारो गाड्यांनी.

हे काही नवलाचे मागणे नाही. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांहून जुन्या, चांगल्या जपलेल्या वाहनांना 'एच' अक्षराची वेगळी पाटी मिळते आणि त्यात ट्रकही येतात. ब्रिटनमध्ये जुन्या व्यावसायिक वाहनांची संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली. १९६२ पासून तिची लंडन ते ब्रायटन फेरी निघते. तिथे दुधाच्या, कोळशाच्या आणि सैन्याच्या जुन्या गाड्या पाहायला लोक रस्त्याच्या कडेला उभे राहतात. आपल्याकडे अहिल्यानगरला, तेव्हाच्या अहमदनगरला, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. पुणे आणि त्याच शहराच्या दरम्यान १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस धावली होती. रणगाडा जपण्याजोगा आहे हे आपण मान्य केले आहे. ज्या मालमोटारींनी कांदा, ऊस, सिमेंट आणि कापूस वाहून या राज्याची बाजारपेठ उभी केली, त्यांच्याबद्दल तसे मान्य करायला अजून किती काळ लागणार?

सरकारी पातळीवर किमान तीन गोष्टी करता येतील. व्हिंटेज नियमात मालवाहू वाहनांसाठी वेगळे कलम घालावे. सरकारी वाहने मोडीत काढण्यापूर्वी प्रत्येक जुन्या प्रकारातील एखाद-दोन वाहने संग्रहालयासाठी राखण्याची तरतूद करावी. आणि ती उभी करण्याचे काम इथल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांकडे, निवृत्त मिस्त्रींना मार्गदर्शक नेमून सोपवावे. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही.

२०२७ मध्ये पुण्यात बनलेल्या पहिल्या व्यावसायिक वाहनाला पन्नास वर्षे पूर्ण होतात. मोटार असती तर त्या वर्षी ती सन्मानाने वारसा ठरली असती. त्या पहिल्या पिढीतला एखादा ट्रक कुठल्या तरी शेडमध्ये विटांवर उभा असेलही. नियम बदलला तर तो देहूरोडच्या रस्त्यावर पुन्हा एकदा येईल. नाही बदलला, तर त्याच रस्त्याने तो मोडीच्या केंद्राकडे जाईल, आणि त्याच्यामागे आपण काय गमावले याची नोंदही कुठे राहणार नाही.