शेकोटीला पॅलेट नको

थंडी पडली की महाळुंग्यात आमच्या डिस्पॅचमध्ये एक मागणी हमखास येते. शनिवारी पवनेला किंवा भामा-आसखेडच्या पाण्याकडेला तंबू टाकायला निघालेली मुलं शेडमागच्या ढिगाकडे बोट दाखवतात. "दादा, दोन-चार तुटके पॅलेट गाडीत टाकू का? शेकोटीला होतील." मी नाही म्हणतो. त्यांना तो कंजूषपणा वाटतो, म्हणून कारणं सविस्तर लिहितो आहे.

परदेशी जाणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा छाप असतो. शेजारी देशाची खूण आणि एचटी किंवा एमबी ही अक्षरं. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवलेलं. एमबी म्हणजे कीड मारण्यासाठी मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. एमबीचं लाकूड जाळू नये हे पोरांना लगेच पटतं. मला काळजी वाटते ती एचटी बघून निर्धास्त होणाऱ्यांची. तो छाप फक्त कीड मेल्याचं सांगतो. पुढे त्याच फळ्यांवर कूलंट सांडलं, ऑइलचा डबा गळला, गंज लागू नये म्हणून तेल लावलेले सुटे भाग रात्रभर निथळत राहिले, याची नोंद कुठल्याच छापात नसते. ढिगातली एखादी फळी काळपट, चिकट का झाली हे मला ठाऊक असतं, कारण तिच्यावर काय येतं-जातं ते मी रोज पाहतो. बाहेरच्याला ते कसं कळावं? प्लायच्या खोक्यांचे थर फॉर्मल्डिहाइडच्या रेझिनने चिकटवलेले असतात, आणि जळताना त्याचा धूर डोळ्यांत आणि छातीत जातो. अशा जाळावर मक्याची कणसं भाजायची, निखाऱ्यात बटाटे पुरायचे आणि भोवती लेकरं बसवायची, हे मला बघवत नाही.

त्याहून मला खिळ्यांची भीती वाटते. पॅलेटचे खिळे पीळदार असतात, सहज निघत नाहीत, म्हणून फळ्या खिळ्यांसकट जाळल्या जातात. लाकूड जातं, खिळे राखेत राहतात. धरणाचं पाणी ओसरलेल्या ज्या काठावर तंबू लागतात, तिथेच नंतर गावची गुरं चरतात. गाय चारा चावून निवडत बसत नाही. गवताबरोबर खिळा गिळते. तो पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकतो आणि पुढे सरकला तर थेट हृदयापाशी रुततो. गुरांच्या डॉक्टरांना हा आजार चांगला माहीत आहे. आपल्या एका रात्रीच्या मजेसाठी कुणाची तरी दुभती गाय जाते, आणि ती कशाने गेली हे त्या घराला कळतही नाही.

फळ्या जाड असल्या की काडीने पेटत नाहीत, मग बाटली निघते: थिनर, पेट्रोल, नाहीतर सॅनिटायझर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, काडी ओढणाऱ्याच्या पायापर्यंत येते आणि भडका त्याच वाटेने मागे फिरतो. सॅनिटायझरची ज्योत तर उजेडात दिसतही नाही. विझली समजून माणूस त्यावर पुन्हा ओततो.

वास्तविक विस्तव करायला यातलं काहीच लागत नाही. भामेच्या खोऱ्यात माझी आजी तीन दगडांत एका काडीने जाळ करायची, तेही श्रावणातल्या ओलाव्यात. तिची सगळी मेहनत काडी ओढण्याआधीची असायची. आधी मूठभर वाळलेलं गवत किंवा पाचट, त्यावर काडीएवढ्या काटक्या, मग बोटाएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या. मनगटाएवढं सरपण जाळ धरल्यावरच. फांदी वाकवली की काट्कन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर ती ओली, बाजूला ठेवायची. काटक्या दाबून रचायच्या नाहीत, मध्ये वारा खेळला पाहिजे. धूर होतो तो बहुतेक वेळा ओलीमुळे किंवा वारा कोंडल्यामुळे. ओढ्यातले ओले दगड चुलीला घ्यायचे नाहीत, तापले की फुटतात. बांबूचं बंद पेर असंच उडतं. वाळलेली कारवी पेटवायला उत्तम, आणि निखारा टिकवायला गोवरी. ही रचना करण्यात मुलांचा अर्धा तास सुखाने जातो. थिनर ओतणाऱ्यांना हे सुख मिळतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हे सरपण जंगलातून ओरबाडायचं नाही. जवळच्या गावात मोळी विकत मिळते. दोन पैसे तिथल्या बाईच्या हातात पडू द्या. जागाही बघून घ्या. डिसेंबरनंतर आपल्या डोंगरांवरचं गवत पिवळं पडलेलं असतं आणि पॅलेटचं पाइनचं लाकूड राळेमुळे तडतडतं, ठिणग्या उडवतं. वनखात्याची माणसं उन्हाळ्याआधी राबून जाळरेषा काढतात, त्या आपण एका ठिणगीने वाया घालवतो. राखीव वनात विस्तव पेटवणं 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या कलम 26 खाली गुन्हा आहे. आपल्याच खेड तालुक्यात, भीमाशंकर अभयारण्यात, शेकरूच्या घरट्यांखाली तर हा विचारसुद्धा नको.

विझवताना माती लोटून निघून जाऊ नये. मातीखाली कोळसा रात्रभर जिवंत राहतो. पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं, आणि हाताची पालथी बाजू जवळ नेऊन धग लागत नाही याची खात्री झाली की मगच तंबूत शिरायचं.

या पट्ट्यातल्या कंपन्यांकडे माझं मागणं साधं आहे. सहलीसाठी भंगारातलं लाकूड गेटबाहेर सोडू नका, मग मागणारा साहेब असो की शिकाऊ पोरगा. तुटके पॅलेट दुरुस्तीला किंवा रीतसर भंगारात जाऊ द्यात. एचआरवाले सहलीच्या खर्चात गाद्या, जेवण, स्पीकर सगळं धरतात. त्यात सरपणाच्या मोळ्या आणि एक मोठं लोखंडी घमेलं धरा. घमेलं दगडांवर ठेवून त्यात जाळ केला की खालची जमीन भाजत नाही आणि सकाळी राख उचलून नेता येते. मात्र घमेल्याऐवजी कापलेला ड्रम कुणी देऊ केला तर आधी त्यात काय भरलेलं होतं ते विचारा.