जाहिरात निघेल तेव्हा निघेल. भावी शिक्षकांनो, आपले जाळे आजच विणा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत डी.एल.एड. किंवा बी.एड. करणाऱ्या आपल्या समाजातील मुलामुलींच्या मोबाईलमध्ये साधारण तीन प्रकारचे ग्रुप दिसतात. पहिला भरतीचा. त्यात टीईटी, टेट, पवित्र पोर्टल, अर्धवट स्क्रीनशॉट आणि दिवसातून दहा वेळा 'काही अपडेट?' दुसरा कॉलेजचा. त्यात हजेरी, फी आणि दुसऱ्याने लिहिलेल्या पाठ टाचणांचे फोटो. तिसरा समाजाचा. त्यात सकाळी बुद्धांचे चित्र, दुपारी जयंतीची वर्गणी आणि रात्री कोणत्या गटाचा नेता खरा यावर भांडण. चौथीत येऊनही वाचता न येणाऱ्या मुलाला कसे शिकवायचे, यावर बोलणारा ग्रुप मात्र क्वचितच सापडतो.

माझे म्हणणे सरळ आहे. भावी शिक्षकाने नोकरी लागण्याआधीच ऑनलाईन माध्यमातून आपले शिकण्याचे जाळे उभे केले पाहिजे. इतरांसाठी हा करिअरचा सल्ला असेल. आंबेडकरी तरुणांसाठी ते चळवळीचे काम आहे.

ज्यांना जाळे वारशात मिळते

ज्या घरात आजोबा मास्तर होते, काका मुख्याध्यापक आहेत आणि आत्या केंद्रप्रमुख आहे, त्या घरातल्या मुलीला वेगळे जाळे विणावे लागत नाही. पहिल्या पाठाच्या आदल्या रात्री जेवताना तिला कळते की फळ्यावर काय लिहायचे, तपासणीला आलेले साहेब काय विचारतात, कोणते पुस्तक वाचायचे. पिएर बोर्द्यू हा समाजशास्त्रज्ञ याला सामाजिक आणि सांस्कृतिक भांडवल म्हणतो. ते गुणपत्रिकेवर छापलेले नसते, पण वर्गात आणि मुलाखतीत लगेच दिसते.

आपल्या मुलीची आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. घरातली पहिली पदवीधर ही मुलगीच. तिने हे सगळे कोणाला विचारायचे? आणि ती पहिल्या पाठात अडखळली की स्टाफरूममध्ये कुजबुज होते, 'कोट्यातून आली असेल.' तिच्याकडे विचारायला माणूस नव्हता, हे कोणी बोलत नाही.

बाबासाहेबांना असा माणूस शाळेबाहेर भेटला. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या विद्यार्थ्याची कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी विचारपूस केली. 1907 मध्ये तो मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढच्या शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि शिष्यवृत्ती मिळाली. हा प्रसंग आपण जयंतीच्या भाषणात गहिवरून सांगतो आणि त्यातला धडा विसरतो. ज्याच्या बुद्धीबद्दल शंकाच नव्हती, त्यालाही मदतीला धावणारा शिक्षक लागला. बाबासाहेबांना केळुसकर योगायोगाने भेटले. आपल्या हजारो मुलांचे भवितव्य अशा योगायोगावर सोडायचे का?

वर्गात कोण उभे आहे?

7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. राज्यात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या शाळकरी दिवसांबद्दल बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे: बसायला घरून आणलेले गोणपाट, आणि शिपाई नसेल तर पाणी नाही. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात अण्णा भाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस टिकले. अण्णा भाऊंसारखा प्रतिभावंत दीड दिवसात बाहेर पडतो, तेव्हा नापास ती शाळा झालेली असते.

आज गोणपाट गेले. पण शिष्यवृत्तीच्या यादीसाठी भर वर्गात 'एससीची मुले उभी राहा' असे पुकारले जाते, आडनाव ऐकून चेहरा बदलतो. डी.एल.एड.च्या अभ्यासक्रमात समावेशक शिक्षणावर धडे आहेत. सहकाऱ्याने मुलाला आडून जात विचारली तर त्या क्षणी आपण काय बोलायचे, हे त्यात नाही. ज्या शिक्षकांनी ती वेळ निभावली आहे, त्यांच्याकडे हे ज्ञान आहे. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता म्हणजेच जाळे.

फॉरवर्ड म्हणजे शिकणे नव्हे

शिक्षक शिक्षकाकडून शिकतो, याचा दाखला साताऱ्यातच आहे. कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला आले. 22 जून 2015 चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला त्या काळात कुमठ्याचे नाव शिक्षकांच्या तोंडी होते. फरशीवर आखलेल्या आकृत्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव गेले आणि कित्येक शाळांनी फक्त फरशी रंगवून घेतली. फोटो पोहोचला, त्यामागचा विचार वाटेतच राहिला. ग्रुप असणे आणि जाळे असणे यातला फरक हाच.

बरे, आहेत त्या ग्रुपमध्ये आपल्याला जागा किती? शिक्षकांच्या एका मोठ्या ग्रुपवर मी पाहिले आहे, शाळेतल्या सरस्वतीपूजनाचे फोटो खुशाल चालतात. पण उद्देशिका वाचल्यावर मुलांनी जातीबद्दल विचारलेला प्रश्न एका शिक्षिकेने मांडला, तर लगेच अ‍ॅडमिनची सूचना आली: 'कृपया फक्त शैक्षणिक पोस्ट टाका.' वर्गात मुलाने विचारलेला प्रश्न शैक्षणिक नसेल तर शैक्षणिक काय असते?

तीन आक्षेप

'आधी नोकरी लागू दे, मग बघू.' टेट डिसेंबर 2017 मध्ये झाली, त्यानंतर थेट 2023 मध्ये, आणि मग 2025 मध्ये. पहिल्या दोन परीक्षांत पाच वर्षांहून जास्त अंतर गेले. या काळात पोरगा अकॅडमीची फी भरतो, एमआयडीसीत पाळी करतो आणि शिकवणे विसरतो. शासनाचा दिरंगाईचा कारभार त्याची डिग्री हिरावत नाही, त्याच्यातला शिक्षक मारतो. भरतीसाठी मोर्चे काढलेच पाहिजेत. पण वाट पाहण्याच्या काळात आपल्यातला शिक्षक जिवंत ठेवायचे काम जाळेच करू शकते.

'दीक्षा अ‍ॅप आहे की.' आहे, 2017 पासून आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाला वर्षाला 50 तासांचे व्यावसायिक प्रशिक्षणही सांगितले आहे. त्यातले साहित्य जरूर वापरा. पण व्हिडिओ पुढे सरकवला, बटण दाबले, प्रमाणपत्र आले, याला शिकणे म्हणू नका. व्हिडिओला उलट प्रश्न विचारता येत नाही आणि तो तुमचा पाठ बघून चूक दाखवत नाही.

'मुलींना घरी फोन कोण देतो?' हा आक्षेप खरा आहे. आपल्याही घरांत फोन आधी भावाच्या हातात जातो. नायगावच्या सावित्रीबाईंचा वारसा सांगणाऱ्या घरात मुलगी नऊनंतर ऑनलाईन दिसली म्हणून चौकशी होते. म्हणून वेळ मुलींच्या सोयीने ठरवा, ग्रुप चालवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे द्या, आणि परवानगीशिवाय कोणाचा नंबर बाहेर देणाऱ्याला त्याच दिवशी काढून टाका.

मग करायचे काय?

दहा जणांपासून सुरुवात करा. पाचशेचा ग्रुप नको. त्यात निदान दोन नोकरीतले जिल्हा परिषद शिक्षक हवेत. आठवड्याला प्रत्येकाने आंतरवासितेतला किंवा शिकवणीच्या वर्गातला एक खरा प्रश्न मांडायचा. महिन्याला एकाने आपला पाठ चित्रित करून टाकायचा आणि बाकीच्यांनी 'छान सर' न म्हणता नेमके काय जमले नाही ते सांगायचे. व्हॉट्सअ‍ॅपवरचे वाहून जाते, म्हणून चांगले ते ड्राइव्हवर विषयवार ठेवायचे.

वाचायला फुकट साहित्य भरपूर आहे: बालभारतीच्या संकेतस्थळावर 'किशोर'चे जुने अंक, पुण्याच्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर विज्ञान खेळणी आणि पुस्तके, शासनाने प्रकाशित केलेले बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणांचे खंड. पण नुसते वाचून थांबू नका. अमेरिकेत कार्टर वुडसन यांनी 1926 मध्ये कृष्णवर्णीयांचा इतिहास सप्ताह सुरू केला आणि शाळाशिक्षकांच्या हाती साहित्य असावे म्हणून 1937 मध्ये 'निग्रो हिस्टरी बुलेटिन' काढले. पाठ्यपुस्तकात आपण नाही, अशी तक्रार करतानाच त्यांनी पर्यायी धडे लिहिले. चवदार तळ्यावर पाचवीसाठी चाळीस मिनिटांचा पाठ आपल्यापैकी किती जणांकडे तयार आहे?

आणि हे जाळे फक्त बौद्धांचे ठेवू नका. भटके-विमुक्त, मुस्लिम, ओबीसी, मराठा, जो भावी शिक्षक समतेच्या बाजूने उभा राहतो तो आपला. नाहीतर आपणही दुसऱ्याच टोकाला 'फक्त आपल्या पोस्ट टाका' म्हणणारे अ‍ॅडमिन होऊ. दोन महिन्यांतून एकदा कराडला प्रत्यक्ष भेटा, ते दोन्ही जिल्ह्यांना सोयीचे आहे. कर्मवीरांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली ते काले गाव त्याच तालुक्यातले.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे आपण घोषणेत म्हणतो. शिक्षक होऊ पाहणाऱ्याने एकट्याने शिकायचे, संघटनेत फक्त मोर्चाला जायचे आणि संघर्ष कमेंटमध्ये करायचा, असे बाबासाहेबांनी कुठेही सांगितलेले नाही. या रविवारी दहा जणांना फोन करा. पहिला प्रश्न तुम्हीच मांडा.

जयभीम! जय सावित्री!